चर्चची साउंड सिस्टीम: आवाज वाढवायच्या आधी काय काय बघायचं

चर्चमधे साउंडवर बसणारा माणूस बहुतेक वेळा शिकून बसलेला नसतो. आधीचा कोणीतरी निघून गेलेला असतो आणि "तुला मोबाईलमधलं सगळं कळतं ना, मग हेही जमेल" म्हणून याला मिक्सरसमोर बसवलेलं असतं, समोर ढीगभर बटणं आणि उपासना सुरू व्हायला अर्धा तास. अशा माणसासाठी हे लिहितोय. ज्यांचं बेसिक पक्कं आहे त्यांनी थेट शिट्टीच्या भागापासून वाचलं तरी चालेल.

आधी एक गोष्ट डोक्यात बसवून घ्या कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. चर्चमधल्या बहुतेक तक्रारी आवाज कमी पडतो म्हणून नसतात, शब्द कळत नाही म्हणून असतात. मागच्या बाकावरचे आजोबा हाताने "वाढव वाढव" करतात, तुम्ही फेडर (मिक्सरवरची आवाजाची सरकती पट्टी) वर ढकलता, आणि आता तेच न कळणारं त्यांना मोठ्याने ऐकू येतं. उंच छत, दगडी किंवा प्लास्टरच्या भिंती, काचा, गुळगुळीत फरशी, सगळीकडून आवाज आपटून परत येतो, मोठ्या चर्चमधे तर बोलणारा थांबला तरी दोन-तीन सेकंद आवाज रेंगाळत राहतो. ऑर्गन आणि क्वायरला हे छान वाटतं, बोलण्याची मात्र पार वाट लागते कारण एका शब्दाचं शेपूट पुढच्या शब्दावर पडतं. व्हॉल्यूम वाढवला की घुमणंही तेवढंच वाढतं. म्हणून या कामात वाढवण्यापेक्षा कमी करणं, बंद करणं, जवळ आणणं आणि वळवणं यानेच जास्त प्रश्न सुटतात.

आवाजाचा रस्ता पाठ करा

माईक, वायर, स्टेजवरचा बॉक्स, मिक्सरचं इनपुट, गेन, इक्यू (आवाजातला जाड-बारीक भाग वेगवेगळा कमी-जास्त करायची बटणं), फेडर, मेन आउटपुट, प्रोसेसर असेल तर तो, मग अँप्लिफायर, मग स्पीकर. पॉवर्ड स्पीकर असतील तर अँप स्पीकरच्या पोटातच असतो. एवढाच रस्ता आहे. तुमच्या चर्चमधला हा रस्ता एकदा कागदावर काढा, स्टेजवरच्या कुठल्या नंबरच्या होलमधे काय लागलंय आणि ते मिक्सरवर कुठल्या चॅनलला येतं ते लिहा आणि तो कागद मिक्सरजवळ चिकटवा. वायरींच्या दोन्ही टोकांना टेप लावून तोच नंबर लिहा, दोन्ही टोकांना, एकाला लावून उपयोग नाही. हे काम कंटाळवाणं आहे आणि कोणी शाबासकी देत नाही, पण बिघाड झाला की याच्यावरच सगळा खेळ आहे.

चालू करताना आधी मिक्सर, वायरलेस रिसीव्हर, कीबोर्ड, लॅपटॉप वगैरे, आणि अँप किंवा पॉवर्ड स्पीकर सगळ्यात शेवटी. बंद करताना उलटं, अँप सगळ्यात आधी. असं का, तर मिक्सर चालू-बंद होताना एक जोरदार झटका आउटपुटला जातो, अँप चालू असेल तर तो "धप्प" करून स्पीकरमधून येतो आणि रोज असं झालं तर एक दिवस स्पीकर जातो. सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डच्या बटणावर टाकून ठेवलेलं असतं बऱ्याच ठिकाणी, सोय वाटते पण ती मोडा.

गेन वेगळा, फेडर वेगळा

नवीन माणसाचा सगळ्यात मोठा गोंधळ इथं होतो. दोन्हीने आवाज वाढतो म्हणून दोन्ही एकच वाटतात. गेन म्हणजे माईकचा कमजोर सिग्नल मिक्सरला वापरता येईल इतका मोठा करणं, हे एकदा सेट करायचं आणि शक्यतो सोडून द्यायचं. फेडर म्हणजे लोकांना किती ऐकवायचं ते, हा उपासनाभर हलत राहणार.

सेट कसा करायचा: फेडर खाली ठेवा, त्या चॅनलचं सोलो किंवा पीएफएलचं बटण (फक्त तोच चॅनल मीटरवर आणि हेडफोनमधे देणारं) दाबा, आणि माणसाला बोलायला सांगा. "हॅलो हॅलो चेक" नको, त्याने माणूस कधीच खऱ्या आवाजात बोलत नाही, शास्त्रपाठातली दोन-चार वचनं वाचायला लावा, गाणारा असेल तर गाण्यातला सगळ्यात जोराचा भाग गायला लावा. डिजिटल मिक्सर असेल तर मीटर साधारण वजा १८ डेसिबलच्या आसपास खेळलं पाहिजे आणि जोरात आलं तरी वजा ६ च्या वर जायला नको. अ‍ॅनालॉगवर शून्याच्या आसपास, लाल दिवा कधीच नाही. मग फेडर शून्याच्या खुणेजवळ आणा. त्या खुणेजवळ फेडरची पट्टी सगळ्यात बारीक हलते, जरा हलवलं की जरासाच फरक पडतो, खाली तळाशी मात्र तेवढंच हलवलं तर खूप उडी बसते. फेडर कायम तळाशी घासत असेल तर गेन जास्त आहे, पार वर नेऊनही पुरत नसेल तर गेन कमी आहे, किंवा माणूस माईकपासून लांब आहे, आणि हे दुसरं आधी तपासा.

गेनला हात लावला की मॉनिटर (स्टेजवरच्यांना ऐकू यावं म्हणून त्यांच्याकडे ठेवलेला स्पीकर) आणि लाइव्हस्ट्रीमचाही आवाज बदलतो, म्हणून उपासना चालू असताना गेन फिरवू नका, अगदीच लाल दिवा लागायला लागला तर गोष्ट वेगळी.

फँटम पॉवर म्हणजे ४८ व्होल्टचं बटण. कंडेन्सर माईकला ते लागतं, पुलपीटवरचा बारीक मानेचा गूजनेक, क्वायरसाठी टांगलेले माईक, हे बहुतेक त्यातले. साध्या डायनॅमिक माईकला लागत नाही पण चुकून लागलं तर काही होत नाही. जुने रिबन माईक आणि लॅपटॉपची सरळ जोडलेली वायर मात्र यापासून लांब ठेवा. आणि हे बटण दाबायच्या आधी चॅनल म्यूट करा, नाहीतर तोच "धप्प".

माईक कुठं आहे त्याच्यावर अर्धं काम

तोंड आणि माईक यातलं अंतर निम्मं केलं की माईकला साधारण ६ डेसिबल जास्त आवाज मिळतो, फुकट, शिट्टीचा धोका न वाढवता. इक्यूवर तासभर बसून एवढं मिळत नाही. म्हणून मिक्सरला हात लावायच्या आधी उठून स्टेजवर जा आणि माईक हलवा.

हातातला माईक तोंडापासून दोन-चार बोटांवर, तोंडाकडे रोखलेला. लोक काय करतात, पहिलं वाक्य नीट म्हणतात आणि मग हात हळूहळू खाली येत छातीवर, तिथून पोटावर, आणि साउंडवाला त्या हाताबरोबर फेडर वर वर नेत राहतो, मग अचानक भावनेच्या भरात माईक परत तोंडाशी येतो आणि पूर्ण चर्च दचकतं. याला मिक्सरवर इलाज नाही, उपासनेआधी दोन मिनिटं त्या माणसाशी बोलणं हाच इलाज आहे. जाळी मुठीत धरू नका हेही सांगा. कार्डिऑइड (समोरून जास्त ऐकणारा) माईक मागून कमी ऐकतो तो जाळीच्या मागच्या बाजूने हवा आत येते म्हणून, ती मुठीने झाकली की तो सगळीकडून ऐकायला लागतो आणि शिट्टी मारतो.

पुलपीटचा माईक बोलणाऱ्याच्या तोंडापासून साधारण एक वीतभर, हनुवटीच्या उंचीला, जरा बाजूने, म्हणजे "प" आणि "फ" ची हवा सरळ आत जात नाही. एकाच पुलपीटवर दोन माईक लावायची फॅशन आहे, दोन्ही चालू ठेवतात, बोलणारा जरा डोकं हलवतो आणि आवाज पोकळ होतो, डब्यातून आल्यासारखा, कारण तोच आवाज दोन माईकला थोड्या वेगवेगळ्या वेळी पोहोचतो आणि एकमेकांना कापतो. एकच चालू ठेवा, दुसरा म्यूट करून राखीव. शेजारी शेजारी माईक ठेवावेच लागले, क्वायरला लागतात, तर माईक ते तोंड जेवढं अंतर त्याच्या निदान तिप्पट अंतर दोन माईकमधे ठेवायचं.

कॉलर माईक छातीच्या मधोमध, हनुवटीपासून १५ ते २० सेंटीमीटर खाली. पाळकांच्या गळ्यात स्टोल असेल तर तो हलताना माईकवर घासतो आणि प्रत्येक वेळी "खर्र" येतं, म्हणून स्टोलच्या खाली माईक लपवू नका, स्टोलच्या कडेवरच वर क्लिप करा. वायरचा एक छोटा वेढा क्लिपमागे अडकवला की वायर ओढली गेली तरी आवाज येत नाही. पण खरं सांगायचं तर फिरून बोलणाऱ्याला कॉलरपेक्षा हेडसेट बरा, तो तोंडाच्या कडेला असतो आणि डोकं वळलं तरी अंतर तेच राहतं. घुमणाऱ्या चर्चमधे मी कॉलर माईक घ्यायला कोणाला सांगणारच नाही.

क्वायरला प्रत्येकाला माईक नको. दोन-तीन कंडेन्सर समोर, साधारण दोन-तीन फूट पुढे आणि पहिल्या ओळीच्या डोक्यांपेक्षा थोडे वर, मागच्या ओळीकडे रोखलेले. चर्च घुमणारं असेल तर पुष्कळदा क्वायरला माईक लागतही नाही. मोठ्या पाइप ऑर्गनला तर नाहीच, तो लाइव्हस्ट्रीमपुरता लागतो.

इक्यू, आधी कापा

बोलण्याच्या प्रत्येक चॅनलवर लो कट (खालचा जाडा आवाज कापणारं बटण) चालू करा, ८० ते १०० हर्ट्झवर, बायकांच्या आवाजाला अजून थोडं वर नेलं तरी चालतं. त्याखाली बोलण्यातलं कामाचं काहीच नसतं, पायाचा धप्प, स्टँडचा धक्का, पंख्याची हवा हेच असतं आणि तेच चर्चमधे घुमतं. मग आवाज गढूळ वाटत असेल तर २५० ते ४०० च्या मधे थोडं कापा. शब्द कळत नसेल तर २ ते ४ किलोहर्ट्झमधे अगदी थोडं वाढवून बघा, व्यंजनं तिथं असतात. "स" टोचत असेल तर ५ ते ८ किलोहर्ट्झमधे कमी. बस. स्क्रीनवर इक्यूची रेघ डोंगरदऱ्यांसारखी दिसायला लागली तर सगळं सपाट करून परत सुरू करा आणि माईक जवळ आणा.

रिव्हर्ब (मिक्सरने मुद्दाम दिलेलं घुमणं) बोलण्यावर शून्य. गाण्याच्या चॅनलवर थोडं चालतं तेही चर्च कोरडं असेल तर, दगडी चर्चला देवानेच भरपूर दिलेलं असतं.

अजून एक, रिकाम्या चर्चमधे सेट केलेला आवाज भरल्या चर्चमधे तसा राहत नाही. माणसं आणि कपडे आवाज पितात, विशेषतः वरचा भाग. त्यामुळे रिकाम्यात जरा जास्त घुमतंय म्हणून घाबरू नका, आणि उपासना सुरू झाल्यावर पाच मिनिटांनी एकदा उठून मागे, कडेला, गॅलरीखाली फिरून ऐकून या. मिक्सर कोपऱ्यात किंवा काचेच्या खोलीत ठेवलेला असेल तर हे अजूनच गरजेचं, तिथं बसून तुम्हाला जे ऐकू येतं ते लोकांना येतच नाही.

शिट्टी

माईक शिट्टी मारतो म्हणजे स्पीकरमधून निघालेला आवाज परत माईकमधे जातोय, परत मोठा होऊन निघतोय, परत जातोय. हे चक्र कुठंतरी तोडायचं एवढंच.

चालू उपासनेत शिट्टी आली तर मेन फेडर ओढू नका, सगळंच जातं आणि सगळे मागे वळून तुमच्याकडे बघतात. जो माईक शेवटी उघडला किंवा वाढवला तोच बहुतेक दोषी असतो, त्याचा फेडर थोडा खाली घ्या, तीन-चार डेसिबल पुरतात. कळतच नसेल तर वापरात नसलेले सगळे माईक म्यूट करा. खरं तर ते आधीच म्यूट असायला पाहिजेत, कारण उघड्या माईकची संख्या दुप्पट झाली की शिट्टीआधी मिळणारी जागा (आवाज किती वाढवता येईल ती) साधारण ३ डेसिबलने कमी होते. आठ माईक उघडे आणि बोलतोय एकटा पाळक, म्हणजे ९ डेसिबल तुम्ही उगाच घालवले. म्यूट ग्रुप असेल तर वर्शिप टीमचे सगळे माईक एका बटणावर घ्या आणि संदेश सुरू झाला की ते बटण दाबा. उपासनेचा क्रम छापलेला कागद हातात ठेवून त्यावर कोण कुठल्या माईकवर येणार ते पेनाने लिहून ठेवलं की एक पाऊल पुढे राहता येतं.

मग उपासनेनंतर निवांत कारण शोधा. मेन स्पीकर माईकच्या मागे आहेत का? ते माईकच्या पुढे, लोकांच्या बाजूला पाहिजेत. स्पीकर भिंतीकडे किंवा छताकडे बघतायत का? ते बसलेल्या लोकांच्या डोक्यांकडे वाकवा, यानं शिट्टीही कमी आणि घुमणंही कमी. मॉनिटर कुठं आहे? साध्या कार्डिऑइड माईकला, सगळीकडे दिसणारा शुअर एसएम ५८ असाच आहे, बरोबर मागून सगळ्यात कमी ऐकू येतं, म्हणून मॉनिटर त्याच्या शेपटीच्या सरळ रेषेत ठेवा. सुपरकार्डिऑइडचं (समोरून अजून अरुंद ऐकणाऱ्या माईकचं) वेगळं असतं, त्याला मागून थोडं ऐकू येतं आणि सगळ्यात बहिरी जागा मागच्या दोन्ही कोपऱ्यांना, साधारण १२६ अंशावर असते, तिथं मॉनिटर मधोमध नको, कडेला पाहिजे. माईक बदलला आणि मॉनिटर तिथंच ठेवला की लोक म्हणतात नवीन माईक भंगार आहे.

हे सगळं करूनही जागा कमी पडत असेल तर रिंग आउट करा. चर्च रिकामं, एक माईक त्याच्या जागेवर, आवाज हळूहळू वाढवत न्या जोपर्यंत शिट्टीची सुरुवात ऐकू येते, तो सूर कितीचा आहे ते मिक्सरच्या आरटीएवर (कुठल्या सुरात किती आवाज आहे ते दाखवणारा स्क्रीन) किंवा फोनच्या अ‍ॅपवर बघा, आउटपुटच्या ग्राफिक इक्यूवर तेवढीच पट्टी ३ डेसिबल खाली, मग परत वाढवा. तीन-चार पट्ट्यांनंतर थांबा, त्यापुढे तुम्ही शिट्टी नाही, आवाजच कापत असता. हूऽऽ असा जाडा आवाज असेल तर साधारण २०० ते ५०० मधे शोधा, शिट्टीसारखा असेल तर १ ते २ किलोहर्ट्झ, कानात सुई गेल्यासारखा असेल तर त्याच्या वर.

मॉनिटरचं अजून एक सांगतो. एक म्हणतो माझा आवाज वाढव, दुसरा म्हणतो मला कीबोर्ड ऐकू येत नाही, असं करत करत स्टेजवरचा आवाज लोकांमधल्यापेक्षा मोठा होतो. कोणी "मला वाढव" म्हणालं की आधी त्याच्या मॉनिटरमधून दुसरं काहीतरी कमी करा. आणि क्वायरचे माईक मॉनिटरमधे कधीच टाकू नका.

वायरलेसची नाटकं

आवाज तुटतोय, फुसफुस येतेय, मधेच जातोय, तर पहिला संशय बॅटरीवर. आधीच्या वेळी अर्धी दिसत होती म्हणून तीच ठेवायची नाही, दर उपासनेला ताजी किंवा पूर्ण चार्ज केलेली. चार्जिंगवाली एनआयएमएच वापरत असाल तर ट्रान्समीटरच्या (माईकमधला किंवा बेल्टवरचा, सिग्नल पाठवणारा भाग) सेटिंगमधे बॅटरीचा प्रकार तसा निवडा, ती १.२ व्होल्टची असते आणि साधी १.५ ची, नाहीतर दांडी खोटी दाखवते.

दुसरा संशय रिसीव्हरच्या, म्हणजे तो सिग्नल पकडणाऱ्या डब्याच्या, जागेवर. तो रॅकच्या मागे, लोखंडी कपाटात, अँपच्या खाली कोंबलेला असतो. अँटेनाला ट्रान्समीटर दिसला पाहिजे, माणसांच्या डोक्यांच्या वरून. माणसाचं शरीर सिग्नल अडवतं, म्हणून बेल्टवरचा डबा रिसीव्हरकडे तोंड असलेल्या बाजूला लावा आणि अँटेना दुमडून खिशात घालू नका. एलईडी वॉल आणि वायफाय राउटर यांच्या शेजारी रिसीव्हर नको, २.४ गिगाहर्ट्झवाले माईक तर वायफायच्याच पट्ट्यात चालतात त्यामुळे लोक भरले, सगळ्यांचे फोन आले की मग त्रास सुरू होतो, रिहर्सलला सगळं छान असतं.

तिसरं, दोन माईक एकाच फ्रिक्वेन्सीवर. आणि वेगवेगळ्या असल्या तरी चार-पाच सेट झाले की त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांमधून तिसरीच फ्रिक्वेन्सी तयार होऊन कोणाच्या तरी डोक्यावर बसते, म्हणून एकाच कंपनीच्या एकाच ग्रुपमधले चॅनल निवडा, मनाने आकडे टाकू नका. सगळे ट्रान्समीटर बंद ठेवून रिसीव्हर स्कॅन करा, मग एकेक चालू करत जा. जुना सेट कोणी दान दिला असेल तर त्याची फ्रिक्वेन्सी तुमच्या देशात अजून चालते का ते बघून घ्या, बऱ्याच ठिकाणी ७०० मेगाहर्ट्झचा आणि काही ठिकाणी ६०० चाही पट्टा मोबाईल सेवेकडे गेलाय.

आणि ज्याच्या अंगावर माईक आहे तो स्टेजवरून उतरला की लगेच म्यूट. का ते सांगायची गरज नाही.

हम्म आणि करंट

सतत "हम्म्म" येतंय तर ते बहुतेक विजेच्या लाईनचं, ५० हर्ट्झ किंवा काही देशांत ६०, आणि त्याच्या पटीतलं. एकेक चॅनल म्यूट करत जा. एक म्यूट केल्यावर गेलं तर तिथंच गडबड आहे, बहुतेक लॅपटॉप किंवा कीबोर्ड. लॅपटॉपचा चार्जर काढा, हम्म गेली तर ग्राउंड लूप (दोन अर्थिंगमधून फिरणारा करंट) आहे, डीआय बॉक्स (लॅपटॉप किंवा वाद्य मिक्सरला जोडायचा डबा) लावा आणि त्याचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबून बघा, ते फक्त ऑडिओच्या वायरचं ग्राउंड तोडतं. सगळे चॅनल म्यूट करूनही येतंय तर मिक्सर ते अँप या भागात आहे, स्टेज आणि मिक्सर शक्यतो एकाच सर्किटवरून वीज घेतायत ना ते बघा. लाईटचा डिमर फिरवल्यावर आवाजाचा सूर बदलत असेल तर ऑडिओच्या वायरी लाईटच्या वायरीबरोबर एकत्र बांधलेल्या असणार, त्या लांब करा, ओलांडाव्याच लागल्या तर आडव्या काटकोनात ओलांडा.

हम्म जावी म्हणून प्लगची अर्थिंगची पिन काढणारे "जाणकार" भेटतात. हे कधीच करायचं नाही. हम्म जाईल, पण गिटारच्या तारा हातात आणि ओठ माईकला लागलेले अशा माणसाला करंट बसू शकतो आणि माणूस जाऊ शकतो. कोणी "माईकला जरा झटका लागतो" म्हणालं तर हसण्यावारी नेऊ नका, तो सेट तिथल्या तिथं बंद करा आणि इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. पाण्यात उतरून बाप्तिस्मा असेल तर पाण्यात उभ्या माणसाजवळ वायरवाला माईक किंवा प्लगला जोडलेली कुठलीही वस्तू अजिबात नको, बॅटरीवरचा वायरलेसच, किंवा कडेला कोरड्यात उभं राहून दुसऱ्याने बोलायचं.

आवाजच येत नाही

समजा पाच मिनिटांत सुरू करायचंय आणि पुलपीटचा माईक मेलेला आहे. घाईत दहा बटणं दाबलीत तर नंतर काय काय बदललं तेही आठवणार नाही, म्हणून एका वेळी एकच. कोणालातरी माईकवर बोलत ठेवा आणि चॅनलचं मीटर बघा. मीटर हलतंय म्हणजे माईक, वायर, इनपुट सगळं ठीक, दोष तुमच्याकडे मिक्सरवर आहे: चॅनल म्यूट आहे का, म्यूट ग्रुप दाबला गेलाय का, डीसीए (बरेच चॅनल एकदम हलवणारा फेडर) खाली आहे का, चॅनल मेनला पाठवलेला आहे का.

मीटर मेलेलं असेल तर फँटम चालू आहे का, माईकवरचं स्वतःचं स्विच, बरोबर होल. मग स्टेजवर जाऊन चालू असलेल्या माईकची वायर काढून पुलपीटच्या माईकला लावा. माईक कंडेन्सर असेल तर त्या चॅनलला म्यूट करून फँटमही चालू करा. बोलला तर आधीची वायर किंवा तिचं होल खराब, नाही बोलला तर माईकच गेलाय. आधीची वायर ठीक आणि माईकही ठीक निघाला तर बॉक्समधलं दुसरं होल घ्या. यात दोन मिनिटं जातात. तरी वेळ नसेल तर चालू असलेला हातातला माईक स्टँडवर लावून पुलपीटसमोर ठेवा आणि शोध नंतर घ्या.

खराब निघालेल्या वायरचा एक्सएलआर (माईकच्या वायरच्या टोकाचा कनेक्टर) उघडून बघा, बहुतेक वेळा कारण डोळ्यांना दिसतं: तीन पिना, आणि त्यातल्या एकीचा सोल्डर तुटून वायर एका बारीक तारेवर लटकलेली, वायर हलली की चिकटते, परत सुटते, म्हणून "कधी कधी येतो कधी जातो". २ किंवा ३ नंबरची पिन सुटली तर आवाज बारीक, पातळ आणि कमी येतो, १ नंबर सुटली तर हम्म येते आणि फँटमही पोहोचत नाही. खराब वायर परत पेटीत टाकू नका, टोकाला गाठ मारा आणि वेगळी ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी तीच हातात येते.

एकाच बाजूचा स्पीकर बंद असेल तर मिक्सरच्या मागे डाव्या-उजव्या आउटपुटच्या वायरी अदलाबदल करा, अर्थात अँप म्यूट करून. बंद बाजू बदलली तर दोष मिक्सरकडे, नाही बदलली तर पुढे वायर, अँप किंवा स्पीकरमधे. अँपवर प्रोटेक्टचा दिवा असेल तर अँप बंद करून थोडं थांबा, हवा जायची जाळी धुळीने भरलीये का बघा, स्पीकरची वायर कुठं शॉर्ट झालीये का बघा.

आवाज फाटतोय आणि फेडर खाली घेतला तरी फाटतोयच, तर फाटणं फेडरच्या आधी होतंय, म्हणजे गेन किंवा वायरलेस ट्रान्समीटरची स्वतःची सेन्सिटिव्हिटी. एकाच स्पीकरमधून फाटतोय तर स्पीकर. सगळीकडून आणि फक्त मोठ्या आवाजात, तर अँप दमतोय, क्लिपचा दिवा लागत असेल, तसंच चालू ठेवलं की सगळ्यात आधी ट्वीटर (स्पीकरमधले बारीक आवाजाचे छोटे भाग) जातात.

मागचे स्पीकर, लाइव्हस्ट्रीम, आणि लूप

लांब चर्चमधे अर्ध्यात दुसरे स्पीकर लावलेले असतील आणि तिथं आवाज दुहेरी येत असेल तर त्यांना डिले द्यायला पाहिजे, म्हणजे त्यांचा आवाज मुद्दाम थोडा उशिरा सोडायचा. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे मीटरला जवळपास ३ मिलिसेकंद. पुढचे आणि मागचे स्पीकर यात १५ मीटर असतील तर ४४ मिलिसेकंद, त्यात अजून दहा-एक टाका म्हणजे आवाज पुढूनच, बोलणाऱ्याकडूनच येतोय असं वाटतं.

लाइव्हस्ट्रीमला मेनचं आउटपुट सरळ देऊ नका. हॉलमधे ड्रम आणि ऑर्गन स्वतःच मोठे असतात म्हणून तुम्ही ते मिक्समधे घेतलेलेच नसतात, मग घरी बघणाऱ्याला नुसता पाळक आणि दोन गायक ऐकू येतात. वेगळ्या ऑक्स किंवा बसवर (मिक्सरच्या मेनपेक्षा वेगळ्या आउटपुटवर) वेगळा मिक्स, एक माईक लोकांच्या दिशेने फक्त स्ट्रीमसाठी, आणि हेडफोन लावून तपासायचं, शक्यतो दुसऱ्या खोलीत.

कानाच्या मशीनसाठी इंडक्शन लूप (आवाज थेट मशीनमधे पोहोचवणारी तार) बसवलेला असेल तर त्याची घरघर तुम्हाला कधीच ऐकू येणार नाही, ती फक्त मशीन टी वर ठेवलेल्यांना येते आणि ते बिचारे गप्प बसतात. त्यांनाच विचारा, किंवा लूप तपासायचा छोटा रिसीव्हर घेऊन ठेवा.

आवरताना

अँप बंद, मग बाकीचं. वायर कोपराभोवती गुंडाळू नका, आत पीळ बसून तारा तुटतात, एक वेढा सरळ आणि एक उलटा असा घाला म्हणजे फेकली तरी गाठ न पडता उलगडते. बॅटऱ्या ट्रान्समीटरमधून काढून चार्जिंगला. काय बिघडलं, कुठला चॅनल, काय करून चाललं ते वहीत दोन ओळीत लिहा, पुढच्या वेळी बसणारा तुम्हीच असाल असं नाही.

डिजिटल मिक्सर असेल तर चांगला चाललेला सीन (सगळ्या बटणांची त्या वेळची सेटिंग) नाव देऊन सेव्ह करा, त्याची एक कॉपी यूएसबीवर काढून ती पेनड्राईव्ह मिक्सरपासून वेगळी ठेवा, आणि सीन लॉक करा म्हणजे तरुण संघाच्या कार्यक्रमाला कोणी सगळं फिरवून ठेवलं तरी रविवारी एका बटणावर परत येता. सॉफ्टवेअरचा अपडेट आला असेल तर तो सोमवारी करा, शनिवारी रात्री नको.